विसण घालता येतं का? कोपरखैरण्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं प्रकरण

तोच मुलगा, तीच मोजपट्टी, आकडे मात्र दोन. आईने दिलेल्या माहितीवरून सोहमचा सामाजिक गुणांक, म्हणजे रोजची कामं वयाच्या मानाने तो कितपत स्वतः करतो याचा आकडा, आला ५८. त्याच आठवड्यात त्याच्या वर्गशिक्षिकेला बोलतं करून तीच मोजपट्टी भरली, तेव्हा आला ७६. (नावं बदलली आहेत, घरचे काही तपशीलही.)

फरक कागदावर अठरा गुणांचा, पण त्यावर बरंच काही अडलेलं होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखाली टक्केवारी कशी काढायची याच्या सूचना केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये राजपत्रात छापल्या, आणि बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी त्यांत याच मोजपट्टीवरून धरली आहे. गुणांक ५५ ते ६९ आला तर सौम्य, म्हणजे ५० टक्के. ७० ते ८४ आला तर सीमारेषेवरचा, म्हणजे २५ टक्के. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे. आईचं खरं मानलं तर सोहम आत, बाईंचं खरं मानलं तर बाहेर.

सोहम तेव्हा नऊ वर्षं चार महिन्यांचा होता. वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडचं. घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, बैठ्या घरावर मागाहून मजला चढवलेलं. खाली आईवडील, आज्जी आणि सोहम. वर चुलता-चुलती आणि त्यांची तनुजा, सोहमपेक्षा दोन महिन्यांनी लहान. या तनुजाचा पुढे फार उपयोग झाला. सोहमचं जन्माचं वजन कमी, रडला उशिरा, बोलायला तीन वर्षं उलटली. कान तपासलेले, ठीक. फिट कधी आली नाही. बिने-कामत चाचणीत बुद्ध्यांक ७३. महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत. "शांत बसतो, त्रास काही नाही, पण मागे पडतो," हे शाळेचं म्हणणं.

आमच्याकडे तपासणीला पाठवलं होतं ते मात्र नेरूळच्या मामाने. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. दहावीला जादा वेळ मिळतो, निरामय योजनेत लाखापर्यंतचा विमा मिळतो, आत्ताच करून टाका, असा त्यांनी धोशा लावला होता. वडिलांना तो कागद घरात नको होता. आई दोघांच्या मध्ये.

आधी मोजपट्टीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्या एका अटीवर उभं आहे. वाइनलँड सामाजिक परिपक्वता मोजपट्टी एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये न्यू जर्सीतल्या वाइनलँड इथल्या संस्थेत मांडली. आपल्याकडची आवृत्ती नागपूरला डॉ. मालिन यांनी केली. पंधरा वर्षं वयापर्यंतच्या ८९ बाबी: खाणं, कपडे, स्वतःची कामं, हिंडणं-फिरणं, बोलणं, कामधंदा, लोकांत मिसळणं, स्वतःचे निर्णय. मुलाला समोर बसवून काही करायला लावायचं नसतं. त्याला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारायचं, आणि तेही "त्याला येतं का" असं नव्हे, "तो करतो का" असं. कुणी न सांगता, सवयीने. यातून जे सामाजिक वय निघतं त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आईच्या उत्तरांवरून सोहमचं सामाजिक वय आलं ६५ महिने, खरं वय ११२.

मोजपट्टी जुनी आहे, ढोबळ आहे. तिची २०१६ ची नवी आवृत्ती, वाइनलँड-३, कितीतरी बारकाईने विचारते. पण प्रमाणपत्रासाठी हीच धरतात, त्यामुळे ही नीट भरण्याला पर्याय नाही. शिवाय २०१३ मध्ये डीएसएम-५ ही मानसिक निदानाची अमेरिकन नियमावली आल्यापासून बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावरून ठरत नाही, रोजच्या जगण्यात मूल कुठवर पोहोचतं यावरून ठरते. म्हणजे बुद्धीची चाचणी झाल्यावर उरलेल्या दहा मिनिटांत उरकायची ही मुलाखत नव्हे. उरकली जाते, हा भाग वेगळा.

आज्जी शेजारी बसल्या होत्या

मुलाखत आईची होती, पण उत्तरं दोन ठिकाणांहून येत होती. मी म्हटलं, "सकाळी उठल्यापासून काय काय होतं ते सांगा." आई आठवून सांगायला लागायच्या, तोवर आज्जींचं सांगून व्हायचं.

"आंघोळ?"

"मी घालती की."

"जेवतो कसा?"

"भरवती. आवं बाई, त्याच्या हातानं जेवला तर अर्धं पोटात अन् अर्धं भुईवर."

"शाळेचा शर्ट, बटणं?"

"साळंला उशीर व्हतो, मग मीच लावती. त्याला कशाला तरास? मी हाय की अजून."

आई एकदाच मध्ये बोलल्या. "मॅडम, मी ब्लाउज शिवायचं काम घेते, सकाळी मशीनवरच असते. आत्यांचं आणि त्याचं चालू असतं." मग मान खाली.

फॉर्मवर ओळीने फुल्या पडत गेल्या. हातात भात कालवून नीट खाणं ही बाब सहा ते सात वर्षांच्या गटातली, तिथे फुली. स्वतःची आंघोळ स्वतः करणं आठ ते नऊच्या गटातलं, फुली. केस विंचरणं, फुली. अट पाळली तर यात चूक काहीच नव्हती. सोहम ही कामं सवयीने करत नव्हता, मोजपट्टीने विचारलं होतं तेवढंच.

तरी हे ५८ मला पचेना. "नाही" या उत्तराच्या आत तीन वेगवेगळे अर्थ असतात. एक, जमत नाही. दोन, जमतं किंवा जमेल, पण कुणी करू देत नाही. तीन, करायची वेळच आली नाही. डॉल यांनी स्वतः "संधी नाही" अशी वेगळी खूण ठेवली होती, आणि तिचे गुण आजूबाजूच्या बाबी पाहून ठरवायचे असा नियमही. कामाच्या गर्दीत ती खूण वापरली जाताना मला क्वचितच दिसते. बरोबर आणि फुली, एवढ्यावर भागतं.

शाळेची खिचडी

वर्गशिक्षिका सोहमला दुसरीपासून ओळखतात. शालेय पोषण आहाराची खिचडी तो स्वतः घेतो, स्वतः खातो, सांडतो थोडी, मग नळावर ताटली धुऊन पालथी घालतो. हे त्यांनी सहज सांगितलं, यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. खेळाच्या तासानंतर शर्ट खोचतो. बूट वेल्क्रोचे, त्यामुळे नाडी बांधता येते का हे कुणालाच माहीत नाही. डबे मोजून आणायला सांगितले की आणतो. वहीतली चित्रं पाहून नोटा-नाणी ओळखतो.

म्हणजे भात कालवायचा हात त्याच्याकडे होता. घरी तो हात मांडीवर असायचा आणि डोळे टीव्हीवर.

पण बाईंचं ७६ सुद्धा जसंच्या तसं घेता येत नव्हतं. "आंघोळ?" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "रोज स्वच्छ येतो." हे आज्जींचं कौतुक झालं, सोहमचं नव्हे. "पैशाचे व्यवहार?" तर "येतात, पुस्तकातली गणितं करतो." जिथे प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं तिथे त्यांनी वर्गातला सोहम घराबाहेर नेऊन उभा केला होता. आपल्या मुलाबद्दल चांगलं बोलावं हा त्यांचा स्वभाव, आणि मला तो आवडतोही. मोजपट्टीला मात्र चालत नाही.

दोन आकड्यांची सरासरी काढून ६७ लिहिता आलं असतं. तसं करणारे आहेत. पण ती सरासरी कुठल्याच घरात राहणाऱ्या मुलाची नसती.

घरी

सोहमच्या घरी पाणी गॅसवर तापतं. मोठं पातेलं, ते फडक्याने धरून न्हाणीत न्यायचं, बादलीत ओतायचं आणि विसण, म्हणजे गार पाणी, घालून अंगाला सोसेल असं करायचं. मोजपट्टीतली "स्वतः आंघोळ करतो" ही ओळ लिहिताना डॉल यांच्यासमोर नळ उघडून भरायचा टब असेल, कोपरखैरण्याची न्हाणी नक्कीच नव्हती. इथे आंघोळीतलं अवघड काम अंग चोळणं नाही, पाणी बेतणं आहे. नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलाच्या हाती मी उकळत्या पाण्याचं पातेलं देणार नाही. म्हणून इथे विचारायचं ते हे: ओतून दिलेल्या गरम पाण्यात त्याला विसण घालता येतं का? हात घालून पाहिलं, चटका बसतोय, आणखी गार हवं, आता पुरे, हे त्याचं त्याला कळतं का?

आज्जींना विचारलं. "कुनाला ठावं? कधी घालूच दिलं न्हाई."

ही खरी "संधी नाही" ची जागा. त्या दिवशी फॉर्मवरची एक फुली मी खोडली आणि समोर फक्त टिंब ठेवलं.

मग तनुजा. तीच वसाहत, तोच जिना, जवळजवळ तेच वय. ती तिची आंघोळ तिची करते, जेवते, वर भांडी विसळते, कोपऱ्यावरून दूध आणते, पाणी आलं की पिंप भरते. हे सगळं तिला येतं म्हणून करते असं कुणी म्हणालं नाही. मुलगी आहे, करावंच लागतं. मला इथे थांबावंसं वाटतं. आपल्याकडे लाडातल्या मुलग्याचे गुण घरातच कापले जातात, आणि मुलीचे वाढतात. सोहमच्या जागी त्याच बुद्धीची मुलगी असती तर सातव्या वर्षापासून झाडू हाती आला असता, गुणांक ७५ च्या वर गेला असता, आणि "घरचं सगळं करते की, अभ्यासात जरा कच्ची आहे" म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचलीच नसती. अशा मुली येतात त्या बाराव्या-तेराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर, कशाच्या तरी निमित्ताने.

दुसऱ्या काही बाबी तनुजाशी ताडून सोडवता आल्या. "गावात मोकळेपणाने हिंडतो" ही बाब नऊ ते दहा वर्षांची. सोहम गल्लीच्या तोंडापर्यंतच जातो. पण तनुजालाही मोठा रस्ता एकटीने ओलांडू देत नाहीत, आणि रिक्षा-टेंपोंची ती वर्दळ पाहिली तर मीही दिला नसता. तिथे सोहमची फुली सोहमची नाही, रस्त्याची आहे.

"सकाळ-दुपार, एएम-पीएम कळतं" या बाबीवर सोहम म्हणाला, "पप्पा रात्री कामाला जातात." आई ओशाळल्या. पण ज्या घरात बाप अंधारात उठून मार्केट गाठतो तिथल्या मुलाने आणखी काय म्हणायचं? पुढे विचारत गेले. पप्पा गेल्यावर काय होतं? आज्जी उठते. मग? मशीनचा आवाज येतो. मग? मी उठतो. शाळा जेवणाआधी की नंतर? नंतर. पप्पा झोपतात तेव्हा दुपार. क्रम पक्का होता. हे गुण मी पूर्ण दिले.

"घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत हे कळतं" ही बाब सात ते आठच्या गटातली. ती विचारायची वेळच आली नाही. मी चहा घेत असताना सोहमने आपण होऊन सांगितलं की आज्जीचे पैसे रव्याच्या डब्यात आहेत आणि हे मम्मीला माहीत नाही. आई समोरच होत्या.

दुकानात

खरी अडचण उघडी पडली ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. सोहमला पन्नासची नोट दिली, दहाचा बिस्किटपुडा आणायला सांगितलं. त्याने पुडा बरोबर मागितला, नोट दिली आणि निघाला. दुकानदाराने हाक मारून चाळीस रुपये हातात कोंबले, ते त्याने न पाहता खिशात टाकले. "किती दिले?" तर "पैसे दिले." दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या नोटेवर तेच. वहीतली वजाबाकी आणि गल्ल्यावरचे सुटे यांचा त्याच्या डोक्यात संबंधच जोडला गेला नव्हता.

इथेही घराचा हात आहेच. वडील सगळीकडे फोनवरून स्कॅन करून पैसे देतात. सोहमने घरात कुणाला सुटे मोजून घेताना फारसं पाहिलेलंच नाही. ही अडचण आता सगळ्याच मुलांची होत चालली आहे. पण तनुजाकडे बघून कळत होतं की सोहमचं प्रकरण तेवढ्यावर संपत नाही: फोनवाल्या त्याच घरातली ती, सुटे दोनदा मोजते.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी या मोजपट्टीत ओळच नाही. गल्लीतली मोठी मुलं सोहमला लोकांच्या बेल वाजवायला पाठवतात आणि पळून जातात, ओरडा तो खातो. खाऊचे पैसे "दुप्पट करून देतो" म्हणत काढून घेतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्यांच्यातच, कारण ते त्याला "भाई" म्हणतात. हे आईने सांगितलं नाही, आज्जींनीही नाही. तनुजाने सांगितलं. स्टीफन ग्रीनस्पॅन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच मांडत आले की अशा मुलांचा खरा धोका बटणं न लावता येण्यात नसतो, सहज फसवलं जाण्यात असतो. आंघोळ शिकवता येते. भाई म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे शिकवायला आमच्याकडे फार थोडी साधनं आहेत.

आज्जींचं काम बदललं

अहवाल मी लगेच लिहिला नाही. कुटुंबाला चार महिने मागितले. मामा वैतागले.

आज्जींना "तुम्ही लाडाने त्याचं नुकसान करता" असं सांगून काही झालं नसतं. ते खरंही नव्हतं. सोहम तीन वर्षं बोलत नव्हता तेव्हा त्याच्या मनातलं ओळखून त्याला वाढवणाऱ्या त्याच होत्या. त्यांच्याकडचं काम काढून न घेता बदलून दिलं: हात लावायचा नाही, नजर ठेवायची, आणि त्याने स्वतः केलं की कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत रेघ ओढायची. आज्जी हिशेबाला पक्क्या. अर्धवट केलेल्याला त्या अर्धीच रेघ द्यायच्या, माझ्याहून कडक.

आंघोळीचे टप्पे आमच्या विशेष शिक्षिकेने पाडले आणि शेवटाकडून सुरुवात केली. आधी फक्त अंग पुसणं सोहमचं, बाकी सगळं आज्जींचं. मग शेवटचे तांबे त्याचे. मग साबण. विसण अगदी शेवटी. बादलीला आतून तैलरंगाची रेघ मारली, तिथवर गार पाणी सोहमने आधी भरायचं, त्यावर गरम आई ओतणार, मग याने हात घालून बघायचं आणि लागेल तसं गार वाढवायचं. आधी गार, मग गरम, म्हणजे चटक्याची भीती कमी. पहिले काही दिवस तो सगळंच थंड करून कुडकुडत बाहेर यायचा. मग जमलं.

जेवताना टीव्ही बंद, एवढं एकच पथ्य ठेवलं. भात पहिल्या दिवसापासून स्वतः खाल्ला. शाळेत खातच होता.

नऊ वर्षं आठ महिन्यांचा असताना पुन्हा मुलाखत घेतली, यावेळी आई आणि आज्जींची वेगवेगळी, आणि शाळेत बाईंना फक्त त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं विचारलं. सामाजिक वय आलं ८४ महिने, खरं वय ११६. गुणांक ७२. चार महिन्यांत एकोणीस महिन्यांची वाढ कुठलंच मूल करत नाही. त्यातलं बरंचसं आधीपासून होतं, फक्त कुणी वापरू दिलं नव्हतं.

अहवाल

७२ म्हणजे २५ टक्के. मामांनी हिशेब लगेच केला. "मॅडम, दोन-तीन मार्कांसाठी पोराचं नुकसान करताय."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. या वयाच्या गटांत एकेका बाबीला दोन ते तीन महिने मिळतात, म्हणजे गुणांकात दोनएक गुण. एएम-पीएमला मी फुली दिली असती आणि आणखी एका बाबीला हात आखडला असता, तर सोहम सत्तरच्या खाली गेला असता आणि ५० टक्के झाले असते. इतक्या पातळ जागेवर एवढा मोठा निर्णय उभा करणं मला पटत नाही, पण म्हणून फुली तिकडे सरकवणंही पटत नाही. मी मामांना एएम-पीएमचं उत्तर वाचून दाखवलं आणि विचारलं, तुम्ही काय दिलं असतं? ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण जग असं बघत नाही."

अहवालात आकडा एका ओळीत आहे, बाकी तीन पानं माणसाच्या भाषेत आहेत. काय स्वतः करतो, काय आठवण केल्यावर करतो, कुठे संधी नव्हती, कुठे संधी देऊनही जमलं नाही. पैसे या शेवटच्या रकान्यात आहेत. गल्लीतल्या मुलांचं फसवणं वेगळ्या परिच्छेदात, मोजपट्टी हे मोजत नाही अशा स्पष्ट शब्दांत. वय वाढेल तशा अपेक्षा वाढतात आणि गुणांक खाली येऊ शकतो, म्हणून पाचवी-सहावीच्या सुमारास पुन्हा मूल्यमापन करावं, असंही लिहिलं आहे. तोवर वर्गात सोपी उजळणी आणि खऱ्या नाण्यांवरची वजाबाकी बाईंनी प्रमाणपत्राची वाट न पाहता सुरू केली. दुकानदाराला सांगून ठेवलं आहे की सोहमने "उरलेले किती?" विचारल्याशिवाय सुटे द्यायचे नाहीत. गल्लीसाठी एकच नियम: पैसे मागणाऱ्याला "आज्जीला विचारतो" म्हणायचं. हा नियम अजून तरी अर्ध्याच वेळा पाळला जातो, कॅलेंडरवरच्या रेघांनुसार.

वडिलांनी अहवाल शांतपणे ऐकला, मग विचारलं, "म्हणजे मोठेपणी मार्केटात टोळीत घेता येईल ना त्याला?" मी म्हटलं, आत्ता काही सांगता येत नाही, पण मजुरी मोजून घेता यायला हवी, कामाची सुरुवात तिथूनच करू.

मामांनी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज तरीही भरला आहे. प्रमाणपत्र मी देत नाही, वैद्यकीय मंडळ देतं, आणि तपासणीचे निर्णय त्यांचे. माझा अहवाल त्यांच्यापुढे आहे तसाच जाईल.